नको असलेले फोन आणि आपली दुकानदारी

दुपारी बारा ते चार ही कापडाच्या धंद्यात बोलणीची वेळ असते. दलाल याच वेळी भाव विचारतो, ट्रान्सपोर्टवाला गाठी सुटल्याचे याच वेळी कळवितो आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक उधारीची मुदत याच वेळी वाढवून मागते. नेमके याच वेळी कर्जवाले, विमावाले, प्लॉटवाले आणि शेअर बाजाराच्या 'टिप' देणारे आपल्याला गाठतात. आमच्या मालेगावच्या दुकानात मागे एके दिवशी आम्ही बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर रेघा ओढून हिशोब ठेवला. दिवसभरात ३१ फोन आले, त्यांतील ११ फोनांचा आमच्या कापडाशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांपैकी चौघांनी तारणाशिवाय धंद्याचे कर्ज देऊ केले. आपल्या बांधवांपैकी अनेकांना व्याजाचे कर्ज घ्यावयाचेच नसते. तसे सांगितले तरी समोरची मुलगी हातातला कागद वाचतच राहते. तिचा तरी काय दोष, तिलाही दिवसाचे ठरलेले फोन पुरे करावयाचे असतात.

नोकरदार माणसाने अनोळखी नंबर उचलला नाही तर त्याचे फारसे काही बिघडत नाही. व्यापाऱ्याला ही सवलत नाही. आमच्याकडून ती चूक २०२३ च्या हिवाळ्यात झाली. वैतागून आम्ही मोबाईलमध्ये अनोळखी फोनची घंटी बंद करण्याची सोय चालू केली. पंधरा दिवस दुकानात मोठी शांतता होती. नंतर समजले की राजस्थानातील बालोतरा येथील एका नव्या पार्टीने आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून नंबर मिळवून तीन वेळा फोन केला होता. चौथा फोन तिने आमच्या शेजारच्या दुकानाला केला. ग्रे पॉपलिनच्या १२ गाठींचा सौदा गेला आणि ती पार्टी पुढेही तिकडेच राहिली.

तेव्हा घंटी बंद करणे हा आपला मार्ग नव्हे. कोणता फोन कोणाचा हे ओळखता आले पाहिजे आणि नको त्या माणसाला नियमाने थांबविता आले पाहिजे. या दोहोंची सोय आहे, पण आपल्या बाजारात ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

ज्यांना असे फोन नकोत त्यांची नोंदवही आपल्या देशात २००७ साली सुरू झाली. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, याने २०१० मध्ये नवे नियम केले व २०१८ मध्ये ते पुन्हा बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत जी दुरुस्ती झाली ती आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

पहिले काम म्हणजे आपला नंबर या नोंदवहीत घालणे. १९०९ या क्रमांकावर फोन करावा, किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', मग एक जागा सोडून शून्याचा आकडा, असा मेसेज १९०९ वर पाठवावा. दोन्हींना पैसे लागत नाहीत. सर्वच जाहिराती बंद करावयाच्या नसतील तर बँक व विमा, घरे व जमिनी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा प्रकारांतून निवडही करता येते. आमच्या काही मित्रांना भीती वाटते की यामुळे बँकेचे मेसेजही बंद पडतील. तसे होत नाही. खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज व ओटीपी हे जाहिरातीत मोडत नाहीत, ते येतच राहतात.

यानंतर नंबर पाहावयास शिकावे. जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावा, असा नियम आहे. बँका व वित्तसंस्था यांनी आपल्या ग्राहकाला व्यवहारासंबंधी फोन करावयाचा असेल तर त्यासाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक आहेत, आणि ते वापरू लागण्यासाठी ट्रायने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना मुदती घालून दिल्या. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाईलवरून कोणी कर्ज किंवा प्लॉट विकू लागला तर तो तेथेच नियम मोडीत आहे. दुकानावर बसणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच शिकविले आहे की १४० दिसले तर सोडून द्या, साधा नंबर असेल तर उचला, आणि जाहिरात निघाली तर वाद न घालता नंबर व वेळ लिहून ठेवा. मेसेजच्या बाबतीतही खूण आहे. २०२५ पासून कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ देऊन एक इंग्रजी अक्षर येते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकारी.

लिहून ठेवलेल्या नंबरचे काय करावयाचे? फोन कशाबद्दल होता ते थोडक्यात, मग तो नंबर, मग तारीख, मध्ये स्वल्पविराम देऊन १९०९ वर पाठवावे. पूर्वी तक्रारीसाठी तीन दिवस मिळत, आता सात दिवस मिळतात. नोंदवहीत नाव नसले तरी नोंदणी न केलेल्या विक्रेत्याविरुद्ध आता तक्रार चालते. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते, आणि ती पाच दिवसांत करावयाची असते. पहिल्या वेळी अशा माणसाचे बाहेर जाणारे फोन १५ दिवस बंद राहतात. पुन्हा तसेच केले तर त्याच्या सर्व जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. हे केवळ कागदावर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने कडक आदेश काढल्यावर महिन्याभराच्या आत २.७५ लाखांहून अधिक नंबर तोडण्यात आले. आपल्या गल्लीतील पाच दुकानदारांनी एकाच त्रासदायक नंबरची तक्रार केली तर ती वाया जाणार नाही.

जाहिरात आणि फसवणूक यांत मात्र फरक करावा. 'उद्यम'चे प्रमाणपत्र संपले आहे, नूतनीकरणाची फी भरा, असे फोन लहान कारखानदारांना येतात. उद्यम नोंदणी फुकट आहे आणि तिचे नूतनीकरण करावे लागत नाही, तेव्हा फी मागणारा लबाड आहे हे नक्की. कर्ज मंजूर झाले आहे, आधी फाईलचा खर्च पाठवा, असे म्हणणाऱ्यालाही तेच लागू. आमच्या ओळखीच्या एका लूमवाल्याने अशा रीतीने ७,५०० रुपये घालविले आणि लाजेने महिनाभर घरातही सांगितले नाही. अशा संशयाच्या फोनची खबर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरील 'चक्षू' या विभागात द्यावी. पैसे गेलेच असतील तर लाज बाळगू नये, ताबडतोब १९३० ला फोन करावा. जितकी घाई कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

आता जे लिहावयाचे आहे ते आमच्याच दुकानाचे आहे. घाऊक मालाशिवाय आमचा किरकोळ विक्रीचा एक गाळा आहे, तेथे आमचा पुतण्या बसतो. मे २०२५ मध्ये बकरी ईदच्या आधी त्याने जुन्या बिलबुकांतून आठशेच्या आसपास मोबाईल नंबर काढले आणि दुकानाच्या साध्या सिमवरून सर्वांना सेलचे मेसेज पाठविले, काहींना फोनही केले. आम्हाला त्याने कौतुकाने दाखविले आणि आम्हीही शाबासकी दिली. ईदला चार दिवस उरले असता त्या सिमवरून फोन जाईनात. मोबाईल कंपनीकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की तक्रारी आल्या असून पंधरा दिवस बाहेर फोन जाणार नाहीत. ऐन गर्दीच्या दिवसांत ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलण्यासाठी आम्ही शेजाऱ्याचा फोन मागत होतो. पुतण्या म्हणे, "चाचा, कोणी तरी दुष्मनी काढली."

दुष्मनी कोणी काढली नव्हती. ईदनंतर आमचे जुने गिऱ्हाईक, एक निवृत्त मास्तर, स्वतःच दुकानावर आले. म्हणाले, "भाईजान, तक्रार मीसुद्धा केली आहे, माझ्यावर नाराज होऊ नका. तुम्ही माझा नंबर बिलासाठी मागितला होता." आमच्यापाशी उत्तर नव्हते. दिवसभर आम्ही ज्या कर्जवाल्यांना नावे ठेवीत होतो, त्यांनीही आमचा नंबर अशाच कोणत्या तरी कागदावरून उचलला असणार.

त्यानंतर आम्ही गिऱ्हाइकांच्या वहीत एक रकाना वाढविला. नंबर घेताना, नव्या मालाची खबर कळविली तर चालेल का, असे तोंडी विचारतो आणि होकार असेल तरच खूण करतो. वर्षभरात सुमारे २६० खुणा झाल्या. मास्तरांनी नको म्हटले, खरेदीला मात्र ते येतात. ज्यांना मोठ्या संख्येने मेसेज पाठवावयाचेच आहेत त्यांनी मोबाईल कंपनीकडे व्यापारी म्हणून नोंदणी करून दुकानाचे नाव व मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, साध्या सिमवरून ते करता येत नाही. आमच्यासारख्या लहान दुकानाला व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी पुरते. एका यादीत २५६ माणसे घेता येतात आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये जपून ठेवला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. पुतण्याने तशा दोन याद्या केल्या आहेत, एक ड्रेस मटेरियलची आणि एक शर्टिंगची, आणि कोणी नाव काढा म्हटले तर त्याच दिवशी काढावयाचे, असे त्याला बजावले आहे.