काकवीसाठी काहील घेताना



कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस काकवीवर कसा काय लिहितो, असे काहीजण म्हणतील. म्हणून आधीच सांगून टाकतो. नोंद दिलेला ऊस कारखान्यालाच आला पाहिजे, त्यात बदल नाही. पण बेणे तोडून उरलेला, नोंदीबाहेरचा चार-पाच गुंठे ऊस घरच्या काकवीला कोणी घालत असेल तर त्याने तो नीट घालावा, पैसा वाया घालवू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गटात फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, मोठ्या गुऱ्हाळाची जुनी आठ फुटी काहील स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" आमचे उत्तर असते, थांबा. आधी रस मोजा, मग काहील बघा. एका सभासदाने अशी काहील आणली. पहिल्याच आधणाला तळ लागला आणि सगळी काकवी काळी, कडवट झाली. ऊस गेला, दिवसभराचा जाळ गेला, चार माणसांची मजुरीही गेली. चूक गुळव्याची नव्हती. काहीलच रसाच्या मानाने मोठी होती.

हिशोब असा मांडावा

घरचे काम म्हणजे दिवसाला अर्धा टन ऊस धरू. लहान चरकावर शेकडा ६० रस निघाला तर ३०० किलो रस मिळतो, म्हणजे साधारण २८० लिटर. रसाचा ब्रिक्स १८ आणि काकवीचा ७५ धरला तर ७२ किलो काकवी बसते. मळीची घट वजा जाता थोडी कमीच धरावी. म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर पाणी वाफ करून घालवायचे आहे. ते वरच्या पृष्ठभागातून जाते. म्हणून काहील पसरट हवी.

हाच २८० लिटर रस तीन फुटी भांड्यात घातला तर ४४ सेंटीमीटर खोल उभा राहतो. उकळायला वेळ लागतो, रस फार काळ जाळावर राहतो आणि रंग गडद होतो. साडेचार फुटी काहिलीत तोच रस २० सेंटीमीटर राहतो.

मग आठ फुटीत काय बिघडते? सुरुवातीला काहीच नाही. पण काकवी तयार होते तेव्हा ५०-५२ लिटरच उरते. साडेचार फुटीत तिचा थर साडेतीन सेंटीमीटर असतो, आठ फुटीत जेमतेम एक सेंटीमीटर. खाली जाळ आणि वर बोटभर थर, मग करपणारच. म्हणून अर्ध्या टनाला साडेचार फूट व्यास बरा. उंची मात्र दीड फुटाच्या खाली नको, कारण रस फसफसून वर येतो आणि उतू गेलेला रस माणसाला भाजतो.

पत्रा कोणता घ्यावा

उसाचा रस थोडा आंबट असतो, म्हणून धातू विचारात घ्यावाच लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नये, रसात जस्त उतरते. तांब्याची काहील कळकते, ती रोज घासून लखलखीत ठेवणे जमत नसेल तर नको. साधा लोखंडी पत्रा जाळ चांगला पसरवतो, पण गंजतो आणि काकवीचा रंग काळपट करतो. खाण्याच्या भांड्यांचा ३०४ प्रतीचा स्टेनलेस पत्रा सर्वांत स्वच्छ. मात्र त्यात उष्णता लोखंडापेक्षा हळू पसरते, म्हणून जाळ एकाच जागी लागला तर तिथेच करपते. तळ पातळ असला तर तो वाकतोही. तळाला निदान तीन मिलिमीटर जाडी मागा. सांधे आर्गॉन वेल्डिंगचे, आतून घासून गुळगुळीत केलेले असावेत. शिशाची झाळ लावलेले भांडे किंवा औषधाचे, तेलाचे कापलेले पिंप कधीही वापरू नये.

काठाला चार मजबूत कड्या घ्या. काकवी झाली की काहील लगेच उतरवता आली पाहिजे, नाहीतर जाळ ओढून काढल्यावरही तापलेल्या चुलाणावर ती शिजतच राहते.

चुलाण आणि उकळी

काहील चुलाणावर चारी बाजूंनी घट्ट बसावी, धूर धुराड्यातूनच निघावा. फटीतून जाळ बाहेर पडला तर घरचे चिपाड पुरत नाही, वरून सरपण आणावे लागते. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत तळाला पट्ट्या जोडलेल्या काहिलीवर काम झाले आहे. तळाचे क्षेत्र वाढते आणि इंधन वाचते. कॅनडात मेपल झाडाचा रस आटवणारे शेतकरीही तळाला असेच पन्हाळे पाडलेली पसरट पात्रे वापरतात. त्यांना एक लिटर पाकासाठी चाळीस लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो, म्हणून सरपणाची किंमत त्यांना चांगली कळते.

त्यांची आणखी एक सवय घेण्यासारखी आहे. ते आधी पाणी उकळून तापमापक बघतात. आपला धाराशिवचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. इथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळते. पाण्याच्या उकळीपेक्षा साधारण ७ अंश वर, म्हणजे १०५ च्या सुमारास, काकवी होते. गुळव्याची बोटाची तार हवीच, पण नवख्याने तापमापकही ठेवावा.

शेवटी एवढेच. काहील आणली की पहिल्या दिवशी रस घालू नका. पाणी मोजून भरा, उकळा, गळते का बघा आणि उकळी मधोमध येते की एका बाजूला ते पाहा. एका बाजूला आली तर चुलाण दुरुस्त करा. जास्त माहितीसाठी कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे विचारणा करावी. काहिलीचे माप काढायला आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला बोलवा. सौदा करण्याआधी बोलवा, नंतर नको.

— ऊस विकास अधिकारी