लोकांचा पैसा आणि वाऱ्याची वीज



राज्यकारभाराच्या पुस्तकांत आपण सरकारचीं कर्तव्यें पाठ करितों : शांतता राखणें, न्याय देणें, कर घेणें, रस्ते व शाळा बांधणें. परंतु एखादा नवा व उपयुक्त धंदा नुकताच जन्मास येत असतां सरकारनें त्यास किती हात द्यावा, आणि तो हात कोठें आखडता घ्यावा, हा प्रश्न त्या यादींत सहसा सांपडत नाहीं. ऊन व वारा यांपासून वीज करण्याच्या धंद्यानें हा प्रश्न आज अनेक देशांपुढें उभा केला आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें त्याचें जें उत्तर शोधलें, त्यांतील यश व अपयश हीं दोन्ही अभ्यासण्याजोगीं आहेत.

प्रथम अडचण समजून घेऊं. कोळशाच्या वीजगृहास रोज इंधन लागतें, म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा भाग वर्षानुवर्षें विभागला जातो. पवनचक्कीस इंधन लागत नाहीं. पण बहुतेक सर्व भांडवल आरंभींच ओतावें लागतें. यंत्र टिकेल अशी खात्री नसेल तर सावकार पैसा देत नाहीं. पैसा नसेल तर कारखाना निघत नाहीं. कारखाना नसेल तर कारागीर ती विद्या शिकत नाहींत. आणि कारागीर नसले म्हणजे यंत्राची खात्री कोणी द्यावी? हें चक्र एकटा व्यापारी तोडीत नाहीं, कारण त्यानें केलेल्या खर्चाचा लाभ त्याच्या प्रतिस्पर्ध्यांसही मिळतो. सरकारी खातें तर रोजच्या कारभारांतच गुंतलेलें असतें. म्हणून कायद्यानें निर्माण केलेली, स्वतःचा निधि व संचालक मंडळ असलेली आणि लोकांस हिशेब देण्यास बांधलेली अशी एक मधली संस्था लागते. तिलाच अभिकरण म्हणतात.

मॅसॅच्युसेट्सच्या भूमींतून आज कोळसा, तेल वा वायु निघत नाहीं. हें सर्व बाहेरून आणावें लागतें. सन २००८ च्या ऑगस्टमध्यें गव्हर्नर डेव्हाल पॅट्रिक यांनीं ‘ग्रीन जॉब्स अॅक्ट’ या कायद्यावर सही केली व त्यान्वयें ‘मॅसॅच्युसेट्स क्लीन एनर्जी सेंटर’ हें अभिकरण निर्माण झालें. अक्षय ऊर्जेसाठीं वीजबिलांतून जमणारा जुना निधि २००९ मध्यें त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. त्या काळीं ही वर्गणी युनिटमागें सेंटचा विसावा भाग होती. म्हणजे महिन्यास ६०० युनिटें वापरणाऱ्या कुटुंबास ती अवघे ३० सेंट पडे. थेंबें थेंबें तळें साचतें तें असें. परंतु साचलेल्या तळ्याचें पाणी कोणाच्या शेतास द्यावें, हाच खरा प्रश्न आहे.

त्याच राज्यांत एका गोष्टीनें सर्वांचे डोळे उघडले. डेव्हन्स येथें ‘एव्हरग्रीन सोलर’ या कंपनीचा सौर तबकड्यांचा कारखाना २००८ मध्यें सुरू झाला. राज्यानें त्यास कोट्यवधि डॉलरांचें साहाय्य देऊं केलें होतें. पुढें चीनमधील स्वस्त मालानें बाजारभाव कोसळले. जानेवारी २०११ मध्यें कंपनीनें कारखाना बंद करण्याचें जाहीर केलें, सुमारें ८०० कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. हेतु चांगला होता. पण सारी भिस्त एका कंपनीवर ठेविल्यामुळें ती बुडतांच लोकांचा पैसाही तिच्याबरोबर गेला.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. बोस्टन शहराच्या चार्ल्सटाउन भागांत अभिकरणानें मे २०११ मध्यें पवनचक्कीच्या पात्यांचें कसोटीगृह उघडलें. ९० मीटरपर्यंत लांब पात्यांची परीक्षा करण्याच्या हेतूनें तें बांधलें आहे. पात्याचें बूड एका प्रचंड आधारास घट्ट जखडतात. प्रथम दोरांनीं ओढून तें किती वांकतें हें पाहतात, मग कित्येक महिने वरखालीं लक्षावधि वेळां हालवून वीस वर्षांचा वारा त्यास थोडक्या काळांत सोसावयास लावतात. पूर्वीं अमेरिकेंतील कारखान्यांस इतक्या मोठ्या पात्यांच्या परीक्षेसाठीं युरोपकडे पहावें लागे. या कसोटीगृहाचा एखादा गिऱ्हाईक बुडाला तरी कसोटीगृह बुडत नाहीं.

न्यू बेडफर्ड बंदराची कथा याहूनही बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकांत देवमाशांच्या शिकारीनें हें बंदर संपन्न झालें. त्या माशांच्या तेलावर घरोघर दिवे जळत. खनिज तेल आलें आणि तो धंदा ओसरला. तेथेंच अभिकरणानें समुद्रांतील पवनचक्क्यांचे अवजड भाग उतरविण्यासाठीं सुमारें ११ कोटि ३० लाख डॉलर खर्चून एक भक्कम धक्का बांधला. तो २०१५ मध्यें पुरा होत असतांच ‘केप विंड’ या नियोजित प्रकल्पाचे वीजखरेदीचे करार मोडले, आणि धक्का कित्येक वर्षें आपल्या मुख्य कामाविना राहिला. टीका झाली, ती अकारण नव्हती. परंतु धक्का जागेवरच होता. २०२३ मध्यें ‘व्हाइनयार्ड विंड’ या दुसऱ्या प्रकल्पाचे भाग त्याच धक्क्यावर उतरले, आणि जानेवारी २०२४ मध्यें त्या पवनचक्क्यांची पहिली वीज किनाऱ्यास पोंचली.

येथेंही सावधगिरीचा एक धडा आहे. १३ जुलै २०२४ रोजीं या प्रकल्पाचें एक पातें तुटलें व त्याचे तुकडे नँटकेट बेटाच्या वाळूवर येऊन पडले. कारण शोधतां तें घडणावळीच्या दोषांत आढळलें. नमुन्याचें एक पातें कसोटीस उतरलें म्हणजे कारखान्यांतून निघणारें प्रत्येक पातें निर्दोष असतें, असें नव्हे. स्वच्छ ऊर्जेच्या नांवावर तपासणींत सूट मागणें हें त्या ऊर्जेचेंच अहित करणें होय.

नोकऱ्यांविषयीं पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अभिकरणाच्या वार्षिक अहवालांत या क्षेत्रांतील कामकऱ्यांची संख्या पुढें १ लाखावर गेलेली दिसते. परंतु त्यांत मोठा वाटा पवनचक्क्यांचा नसून ऊर्जा-बचतीचा आहे. भिंतींतून उष्णता निसटूं न देणें, जुनीं यंत्रें बदलून काटकसरीचीं बसविणें, अशीं तीं कामें आहेत. तीं परदेशांतून मागवितां येत नाहींत. घर जेथें आहे तेथेंच करावीं लागतात. २०११ पासून अभिकरण या धंद्यांतील कंपन्यांत उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वेतनासाठींही साहाय्य देतें. कंपनी बदलली तरी हातीं आलेली विद्या विद्यार्थ्यापाशींच राहते.

यावरून निघणारा नियम असा : लोकांच्या पैशानें एकाची पेढी उभी करण्यापेक्षां अनेकांस उपयोगी पडेल असा धक्का बांधावा, सर्वांस खुलें असें कसोटीगृह उभारावें व शिकलेले हात तयार करावे. व्यापाऱ्यास साहाय्य मुळींच करूं नये असें नाहीं; पण तो उद्यां गेला तर लोकांपाशीं काय उरेल, हें देण्यापूर्वींच विचारावें.

आपल्या राज्यांतही अशी संस्था आहे. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, अर्थात् महाऊर्जा, हें १९८५ मध्यें स्थापन झालें. त्याचें मुख्य कार्यालय पुण्यास आहे. अपारंपरिक ऊर्जेचा प्रसार व ऊर्जेची बचत हीं त्याचीं कामें होत. सातारा जिल्ह्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिल्या असतील. सुटींत आपल्या घरचें वीजबिल हातीं घ्या, त्यांतील प्रत्येक आकार कशासाठीं आहे तें वडील माणसांस विचारा, आणि वर सांगितलेला प्रश्न त्या प्रत्येक आकड्यास लावून पहा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा पुस्तकांत मिळणार नाहीं.