टर्बोची शीळ आणि इंजिनाची प्रकृती

आपल्या गुंदच्या बाजूला गाडी दिसण्यापूर्वी ऐकू येते. रस्त्याला वळणे पुष्कळ आणि दोहों बाजूंस रान दाट. रात्रीच्या शांततेत वळणापलीकडून जीप शीळ घालीत येऊ लागली की अंगणातील मुले ती कोणाची हे सांगून मोकळी होतात. ध्वनीचे प्रकरण शिकविताना एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, जीप शीळ का घालते? आणि आमच्या जीपची शीळ हल्ली बदलली आहे, ती का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हाच दिले. दुसऱ्याकडे मात्र लक्ष दिले नाही. त्याची हकीकत पुढे येईलच.

शीळ घालणारा जो भाग, त्यास टर्बोचार्जर किंवा नुसते टर्बो म्हणतात. लोहाराचा भाता सर्वांनी पाहिला आहे. निखाऱ्यावर वारा घातला की तोच कोळसा अधिक आंच देतो. इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरात जितकी हवा अधिक कोंबावी तितके अधिक इंधन पुरते जळते आणि तितका जोर अधिक मिळतो. भात्यास माणूस लागतो. टर्बोचे वैशिष्ट्य असे की त्याचा भाता इंजिनाचाच धूर चालवितो. सिलिंडरातून जोराने बाहेर पडणारे तप्त वायू एका चक्रावर आदळतात व ते फिरू लागते. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनास पुरविते. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने काढली व तिचे पेटंट १९०५ साली घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या पर्वतावर विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे त्याचा जोर टिकतो हे दाखविले. आपल्याकडे पुण्यात बनलेली टाटांची सफारी १९९८ साली आणि नाशिकची महिंद्र स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली, त्या दोन्ही टर्बो डिझेलवरच. आज तर डिझेलची नवी मोटार टर्बोवाचून सहसा मिळत नाही.

आता शीळ कोठून येते ते पाहू. घरातील छताचा पंखा मिनिटास सुमारे साडेतीनशे फेरे घेतो. टर्बोचा आस चढावर मिनिटास एक लाख, दीड लाख आणि लहान टर्बोत त्याहूनही अधिक फेरे घेतो. सोयीसाठी एक लाख वीस हजार धरू. म्हणजे सेकंदास दोन हजार फेरे झाले. चक्राला सहा मोठी पाती असतील तर पात्यांमुळे हवेत उठणारी कंपने सेकंदास बारा हजार होतात. हा स्वर फार बारीक असतो. मुलांस तो स्पष्ट ऐकू येतो. चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांस कमी, आणि वृद्धांस पुष्कळदा मुळीच नाही. पण चक्राचा तोल किंचित जरी बिघडला तरी आस प्रत्येक फेऱ्यास एक हिसका देतो. हे हिसके झाले सेकंदास दोन हजार. हा स्वर पहिल्याहून खालचा, आणि मानवी कान ज्या पट्ट्यात अतिशय तीक्ष्ण असतो त्याच्याच जवळचा. म्हणून निरोगी टर्बोची शीळ मंद व हवेसारखी वाटते, तर तोल गेलेल्या टर्बोची भोंग्यासारखी कानात घुसते. रेस देताच भोंगा चढतो, सोडताच उतरतो.

तेव्हा शीळ ऐकू येणे हा दोष नव्हे. आवाज काल होता तसाच आज आहे की बदलला, हा खरा प्रश्न. याविषयी दोन उलट गैरसमज आढळतात. काही लोक नव्या गाडीची साधी शीळ ऐकून घाबरतात. तरुण मंडळी मात्र शीळ मोठी व्हावी म्हणून एअर फिल्टरचे झाकण काढून ठेवतात! आवाज वाढतो, जोर वाढत नाही. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवरील तांबडी धूळ थेट त्या पात्यांवर जाते. पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाच्या आसपास धावत असतात. त्या वेगाला धुळीचा कण म्हणजे बारीक छर्राच होय. शिवाय जी धूळ पात्यांतून निसटते ती सिलिंडर घासते, ते वेगळेच.

दुसरा नित्याचा आवाज म्हणजे फुसफुस. चढावर रेस दिली की "फुस्स्" असा वारा सुटतो, गाडी ओढत नाही आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. येथे बहुधा टर्बो निर्दोष असतो. दाबलेली हवा नेणारा रबरी पाइप चिरलेला असतो, क्लिप सैल असते किंवा इंटरकूलर फुटलेला असतो. हवा वाटेत गळते, डिझेल पुरते जळत नाही, धुराची उष्णता वाढते आणि गळती भरून काढण्यासाठी टर्बो वाजवीपेक्षा अधिक धावू लागतो. एक क्लिप वेळेवर आवळली नाही म्हणून चांगला टर्बो झिजतो तो असा. पाइपवर तेलकट ओल कोठे दिसते ते हाताने चाचपावे. गळती सहसा तेथेच सापडते.

सकाळी गाडी सुरू करताच "टक टक" वाजते आणि इंजिन तापल्यावर ते थांबते, असेही होते. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून धूर निसटत असला म्हणजे हा प्रकार घडतो. धातू तापून फुगला की फट मिटते. आवाज थांबला म्हणून दोष गेला असे समजू नये. पेट्रोलच्या टर्बो गाडीत रेस सोडताना हलकासा सुस्कारा येतो तो वाजवी आहे. मात्र पारव्याने पंख झाडावेत तशी फडफड होत असेल, तर दाबलेली हवा उलट पात्यांवर येत आहे असे जाणावे. त्याचा मार आसाच्या बेअरिंगला बसतो.

आता ती राहिलेली हकीकत. त्या विद्यार्थ्याच्या घरची जीप आठवडाभर भोंग्यासारखी वाजत होती. आम्हीही तीतून एकदा गेलो होतो. आवाज वेगळा वाटला, पण मास्तराने चालकाला काय शिकवावे, म्हणून गप्प बसलो. चालक तर खुशीत होता. "बघा मास्तर, कसा आवाज देते," असे त्यानेच आम्हांस म्हटले होते. पुढे एका पावसाळी रात्री त्याच जीपमधून वाडीतील एका वृद्ध गृहस्थांस दांडेलीस नेताना जोयड्याच्या अलीकडच्या चढावर भोंग्याचे खरडणे झाले, मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गाडी जागच्या जागी बसली. मागून येणारा टेम्पो मिळेपर्यंत दोन तास गेले. गृहस्थ वाचले, पण त्यांची उजवी बाजू पूर्ववत झाली नाही. ते दोन तास वाचते तर काय झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. मुलाने मात्र आम्हांस आधी विचारले होते.

इंजिनाच्या बाजूने काय घडले ते सांगतो. आस बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बेअरिंग झिजले की आस डुलतो आणि पाती भोवतालच्या कवचास घासतात. चक्र व कवच यांतील अंतर मिलिमीटरचा अंशमात्र असल्याने घासण्यास फारसे लागत नाही. मग तेल निसटून हवेच्या वाटेने सिलिंडरात जाते व जळते. निळा धूर तो हाच. आस तुटला तर पात्यांचे तुकडे उडतात आणि इंजिनाचे तेल झपाट्याने रिकामे होते.

याहून भयंकर अवस्था एक आहे. डिझेल इंजिन हे निसटलेले तेलच इंधन म्हणून खाऊ लागते आणि आपोआप वेग घेते. किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, कारण त्याला आता टाकीतले डिझेल नकोच असते. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. ते न साधल्यास हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा तोडावी. हात किंवा फडके कदापि लावू नये, ते आत ओढले जाते. इंजिन भलतेच किंचाळत असेल तर जवळ न जाता माणसांस गाडीबाहेर काढून दूर न्यावे.

बेअरिंग झिजते ते बहुधा तेलापायी. जुने, घाण किंवा हलक्या प्रतीचे तेल, आणि घाई. सकाळी गाडी सुरू करताच रेस देऊ नये. तेल आसापर्यंत पोहोचावयास अर्धे मिनिट द्यावे. कद्र्याहून अणशीचा घाट चढून वर चहाला थांबलात तर लगेच किल्ली फिरवू नये. तप्त चक्राची उष्णता थांबलेल्या तेलात उतरते, तेल करपते आणि त्याची काजळी बारीक वाटा बुजविते. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे, तोवर चहा सांगून होतो.

संशय आल्यास एक परीक्षा घरीच करता येते. इंजिन बंद व पूर्ण थंड असता हवेचा पाइप सोडवून चक्राचा मधला भाग बोटांनी धरावा. बाजूस किंचित हालणे वाजवी आहे, कारण तेलाच्या थराची जागा मोकळी असते. आतबाहेर ओढून मात्र हालचाल जवळजवळ जाणवता कामा नये; आणि कोणत्याही बाजूस ढकलून फिरविताना पाते कवचास लागले, तर ती गाडी मिस्त्रीकडेही चालवीत नेऊ नये, ओढून न्यावी.