आठाचा तीन झाला

नारळी पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत आमच्या फायबरच्या बोटीची सगळी कामं उरकली, राहिला फक्त नाळेवरचा नंबर. आमच्याकडे तो 'आयएनडी-एमएच'ने सुरू होतो आणि 26/11 नंतर समुद्रात तो काटेकोरपणे तपासला जातो. दरवर्षी पेंटर ब्रशने लिहायचा. त्या वर्षी हौसेने रिक्षाला रेडियम लावणाऱ्याकडून अक्षरं कापून आणली आणि आदल्या दिवशी मारलेल्या ऑइलपेंटवर चिकटवली.

आठवड्यात फुगे आले. रंग वरून सुकला तरी आतून बरेच दिवस वाफ सोडत राहतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग कडा सुटल्या, आणि नांगराची दोरी नेमकी तिथूनच घासत जायची. नोव्हेंबरात गस्तीच्या बोटीने अडवलं. कागदावर 8, बोटीवर 3! आठाची डावी बाजू दोरीने खाल्ली होती. "दादा, बोट तीच हाय, आकडा झिजला," असं तांडेलाने परोपरीने सांगितलं, तरी सुटका व्हायला दुपार झाली. बर्फ वितळला तो वेगळाच.

अशी अक्षरं कापून घेताना दुकानात 'विनाइल' एवढंच सांगू नका. स्वस्तातलं कॅलेंडर्ड तीन ते पाच वर्षांचं, कास्ट सात-आठ वर्षांचं. आपल्या उन्हात दोन्हींतून थोडं वजा करा. कास्ट पातळ असतं, नाळेच्या गोलाईवर बसतं. छापील चित्र असेल तर वर लॅमिनेशन हवंच, नाहीतर लाल रंग आधी उडतो.

पण माल कितीही चांगला असो, खाली मेण किंवा डिझेलचा हात लागलेला असला की संपलं. साबणाने धुवा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, रंगच निघतो. अक्षरांचे कोपरे गोल कापून घ्या. टोकदार कोपरा आधी उचलतो.

धंद्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुवायचं. प्रेशर पंपाची धार मात्र कडेवर मारायची नाही, एकदा तसा अख्खा 'एच' माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेलाय.

आताचा स्टिकर सहावं वर्ष काढतोय. बंदीत झाप घालताना नाळही झाकतो. जुना स्टिकर हेअरड्रायरने गरम करून, प्लास्टिकच्या पट्टीने काढला होता. त्याच्याखालचा रंग अजून गडद आहे. उन्हं कलली की नव्या आठाशेजारी तो जुना तीन दिसतो, आणि तांडेल अजून चिडवतो.