दुसऱ्या डावाचा दम

पोरा, तालमीत नाव घातलंस, आता आरशापुढं दंड फुगवणं बंद कर. कुस्तीला लागते मान, मनगट, कंबर आणि दम. छाती मागाहून येते.

मान आधी. पाठीवर जायची वेळ आली की खांदे वर धरते ती मानच. रोज पूल घाल, पण पहिले काही आठवडे हात टेकून. सगळा भार एकदम मानेवर घेतलास तर वर्ष वाया जाईल. मनगटासाठी पाय न लावता दोर चढ. आणि हौदा खोदायची पाळी चुकवू नकोस. लहान पोरं ते हलकं काम समजतात, पण फावडं मारताना कंबर, पाठ, मनगट एकत्र कामाला लागतात, तसं जिममधल्या यंत्रावर लागत नाहीत. जोर-बैठकांचा आकडा कुणाला सांगत बसू नकोस. शंभर सैल मारण्यापेक्षा पन्नास खोल मार.

आता दम. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद. तशीच लढत कर. पहिली तीन मिनिटं एका जोडीदाराशी, तीस सेकंद थांब, मग ताज्या गड्याशी तीन मिनिटं. बरोबरीच्या कुस्त्या बहुतेक त्या दुसऱ्या डावातच जातात. खडाखडीत नाकानं श्वास घे, पट काढताना सोड. श्वास कोंडून जोर लावणारा लवकर थकतो.

मातीवर प्रेम कर, पण मॅट टाळू नकोस. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मॅटचा सराव नव्हता, तरी सहावे आले. मॅटची कुस्ती शिकले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या मातीतल्या माणसानं एवढं करून दाखवलंय.

वजनाशी खेळू नकोस. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली होती. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. तिच्याजवळ डॉक्टर होते, तुझ्याजवळ नसतील. पाणी तोडून वजन उतरवलंस तर दुसऱ्या डावात पाय उचलणार नाहीत. महिनाभर आधीपासून ताटातून हळूहळू कमी कर. दूध, तूप, बदामाची थंडाई मेहनतीच्या हिशेबानं घे. मेहनत बंद आणि खुराक चालू, असं झालं की पैलवानाचं पोट सुटतं. कुणी ताकदीची सुई किंवा बिननावाची भुकटी दिली तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस.

लंगोट रोज धू. अंगावर नायटा दिसला तर बरा होईस्तोवर कुणाशी लढत करू नकोस, सगळी तालीम खाजवत बसेल. आणि गुडघा सुजला तर लपवू नकोस, त्याच दिवशी वस्तादांना सांग.