डीबगर जोडला जात नाही तेव्हा

लिनक्स संगणकाला एसटी-लिंक डीबगर लावला, ओपनओसीडी सुरू केले आणि पडद्यावर त्रुटीचा संदेश उमटला, की विद्यार्थी बहुधा एकच निष्कर्ष काढतात : चिप जळाली. निवासी शाळेच्या प्रयोगशाळेत बोर्ड मोजकेच असतात. त्यांतील एक निकामी ठरवून बाजूला ठेवला, की एक गट त्या सत्रापुरता प्रेक्षक बनतो. म्हणून बोर्डाला दोष देण्यापूर्वी कारणांची साखळी संगणकाच्या टोकापासून कशी तपासावी, ते येथे मांडत आहोत. प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

प्रथम 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. यादीत ०४८३:३७४८ हा क्रमांक असेल, तर एसटी-लिंक व्ही-२ संगणकाला दिसला आहे. नसेल तर बोर्डाचा विचारच करू नये. केबल व पोर्ट बदलावा. काही केबलींत केवळ वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात.

क्रमांक दिसतो, पण प्रवेश नाकारला जातो, अशी अवस्था सर्वाधिक आढळते. येथे 'सुडो' लावून काम भागते आणि मग तीच सवय जडते. निदानासाठी एकदा सुडो वापरणे योग्यच; परंतु रोज तसे केल्यास रूटच्या मालकीच्या फाइली साचतात आणि पुढे त्या आपल्यालाच बदलता येत नाहीत. खरा उपाय यूडेव्हच्या नियमांत आहे. ओपनओसीडीसोबत येणारी नियमांची फाइल यूडेव्हच्या नियम-फोल्डरमध्ये ठेवावी, नियम पुन्हा वाचावयास लावावेत आणि डीबगर काढून परत लावावा. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते. संदेशात 'बिझी' असा शब्द असेल, तर दुसऱ्या खिडकीत चालू राहिलेले ओपनओसीडी शोधावे.

आता तारा. एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट या चार पुरेत. बोर्डाला वीज स्वतंत्रपणे दिली असली, तरी ग्राउंड सामाईक हवेच. ओपनओसीडी लक्ष्याचे व्होल्टेज छापते. स्वस्त नकली डीबगरमध्ये तो आकडा फसवा असू शकतो, तेव्हा मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा. तारा लांब असतील, तर वेग १०० किलोहर्ट्झपर्यंत उतरवून पाहावा.

एवढे करूनही 'ब्लू पिल' बोर्ड मौन धरून बसला, तर आधीच्या प्रोग्रामने पीए-१३ व पीए-१४ या पिना दुसऱ्या कामाला लावल्या असण्याचा संभव आहे. बूट-० चा जंपर १ वर ठेवून रीसेट दाबावे. जुना प्रोग्राम चालतच नाही, आणि चिप पुसता येते. काही बोर्डांवर मूळ एसटीएम३२ऐवजी तिची नक्कल असते. तिचा ओळख-क्रमांक १ ऐवजी २ या अंकाने सुरू होतो आणि ओपनओसीडी तिला अनपेक्षित म्हणून नाकारते. मांडणीच्या फाइलीत अपेक्षित क्रमांकाची एक ओळ बदलली, की तीही कामाला लागते.