भोपळ्यातील नाद आणि विजेतील नाद

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली पाड्यांवर भाताची कापणी झाली, की तारप्याचा घुमारा ऐकू येऊ लागतो. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने घट्ट बसविलेल्या बांबूच्या नळ्या, नळ्यांत थरथरणाऱ्या जिभल्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढ्याच सामग्रीचे हे वाद्य. वादक श्वास न तोडता ते वाजवीत राहतो आणि त्याच्याभोवती स्त्री-पुरुषांची साखळी फेर धरते. तलासरी तालुक्यात जन्मलेले व डहाणू तालुक्यात राहून कलासाधना करणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या वारली चित्रांतून हा फेर देशोदेशी पोहोचला.

गारुड्याची पुंगी ही या तारप्याची जवळची नातलग. तिलाही भोपळाच लागतो, नळ्याच लागतात आणि न तुटणारा श्वासही लागतो. असे असता, भारतात पुंगीची जी धून सर्वांत अधिक गाजली, ती मात्र भोपळ्यातून निघालेली नव्हती, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती निघाली विजेच्या वाद्यातून.

१९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे संगीत हेमंतकुमार यांचे होते. त्यातील पुंगीचे स्वर कल्याणजी वीरजी शहा या तरुणाने ‘क्लॅव्हिओलिन’ नावाच्या वाद्यावर वाजविले. जोडीला हार्मोनियमवर रवी होते. तेही पुढे नामवंत संगीतकार झाले. श्रोत्यांना तो आवाज अस्सल पुंगीचाच वाटला. आजही वरातीत ती धून सुरू झाली, की नाचणाऱ्यांचे हात फणा काढतात!

क्लॅव्हिओलिन हे वाद्य १९४७ साली फ्रान्समधील कॉन्स्तां मार्तँ यांनी तयार केले. तारप्यात जिभली थरथरते आणि तिच्यासवे हवा कंप पावते. क्लॅव्हिओलिनमध्ये फुंकर नसते. तेथे निर्वात नळ्यांच्या साहाय्याने विजेचा प्रवाहच कंप पावतो. पट्टी दाबली, की त्या कंपांची गती ठरते आणि ध्वनिवर्धकातून स्वर उमटतो. कंप जलद असले, तर स्वर उंच. सावकाश असले, तर खालचा. खटके फिरवून आवाजाची जात पालटता येई. एका वेळी एकच स्वर निघे. पुंगीची गूढ, लांबत जाणारी मींड त्यात आहे, हे प्रथम वाद्याला नव्हे, कल्याणजींच्या कानाला कळले.

कल्याणजींचा जन्म १९२८ चा, त्यांचे धाकटे बंधू आनंदजी यांचा १९३३ चा. घराणे कच्छचे, वडिलांचे मुंबईत किराणा मालाचे दुकान. मुले गिरगावात मराठी-गुजराती वातावरणात वाढली. उधारी फेडू न शकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पैशांच्या बदल्यात या मुलांना संगीत शिकविले, अशी आख्यायिका सांगतात. गुरूचे ज्ञान तोकडेच होते म्हणे. पण शिष्यांची ओढ मोठी होती.

१९५८ साली ‘सम्राट चंद्रगुप्त’ या चित्रपटाला कल्याणजींनी एकट्याने संगीत दिले. १९५९ पासून दोघे बंधू ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडनावाने काम करू लागले. विजेच्या वाद्याने नाव दिले, म्हणून ते त्यालाच चिकटून राहिले नाहीत. १९६५ च्या ‘जब जब फूल खिले’ मध्ये त्यांनी सोप्या, गुणगुणता येणाऱ्या चाली दिल्या. ‘सरस्वतीचंद्र’ (१९६८) मध्ये भारतीय सुरावटीचा गोडवा आणला व राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. १९७४ च्या ‘कोरा कागज’ साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक लाभले. पुढे ‘डॉन’ (१९७८) सारख्या चित्रपटात त्यांचे संगीत वेगवान व आधुनिक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही प्रसिद्ध जोडी प्रारंभी यांचीच साहाय्यक होती. १९९२ साली या बंधूंना पद्मश्री मिळाली. कल्याणजी २००० साली निवर्तले. परंतु २००५ साली अमेरिकेतील ‘ब्लॅक आइड पीज’ या वृंदाने त्यांच्या जुन्या चाली घेऊन रचलेले गीत जगभर गाजले.

मग यंत्राने पुंगीची जागा घेतली, हे चांगले झाले की वाईट? या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. यंत्र दोषी नाही; हार्मोनियमही एके काळी परदेशातूनच आले. मात्र एक गोष्ट ध्यानात धरा. कल्याणजी यंत्रातून पुंगी काढू शकले, कारण खरी पुंगी त्यांच्या कानी पडलेली होती. मूळ नाद नाहीसा झाला, तर यंत्राने अनुकरण तरी कोणाचे करावे?

आज लग्नसमारंभांत मोठमोठे ध्वनिवर्धक गर्जतात, तेव्हा पाड्यावरचा तारपा मुका होऊ लागतो. तो वाजविणारे हात थोडे उरले, तर दोष विजेचा नव्हे, ऐकणाऱ्यांचा. जव्हार तालुक्यातील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. हा मान त्या न तुटणाऱ्या श्वासाचा आहे. तो श्वास पुढे चालू ठेवायला कोणी तरी शिकावयास बसले पाहिजे. नवे वाद्य खुशाल हाती घ्या. परंतु जुने कानाआड करू नका.

स्वाध्याय
१. तारपा व पुंगी यांत कोणते साम्य आहे?
२. तारप्यात व क्लॅव्हिओलिनमध्ये स्वर कसा निर्माण होतो, ते थोडक्यात सांगा.
३. ‘हे प्रथम वाद्याला नव्हे, कल्याणजींच्या कानाला कळले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. ‘कानाआड करणे’ व ‘फेर धरणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या वादकाची भेट घ्या. त्याचे वाद्य कशाचे बनते व ते तो कोणाकडून शिकला, हे विचारून दहा ओळी लिहा.